छाट

कन्ना चौकातल्या लॅबचं पाकीट
अम्मानं पदराखालून आणलं, घामानं ओलं,
आणि सुपाशेजारी टाकलं.
"वाच. बागुंदा?"
बोटं थांबली नाहीत :
पान, चिमूट तंबाखू, वळण, दोरा.
संध्याकाळपर्यंत सातशे विड्या ब्रँचला द्यायच्या होत्या.

मी बारावी सायन्स, दुसऱ्या खेपेला पास,
म्हणून घरातले सगळे कागद माझ्याकडे.
लाइटबिल, फंडाची स्लिप,
आणि आता अम्माचं रक्त, दोन पानांत.

तीन ठिकाणी चांदणी होती.
हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ,
ते ठाऊकच होतं. तिच्या पापणीचं अस्तर
मी लहानपणापासून पांढरंच पाहिलंय.
साखर एकशे चार, उपाशीपोटी
(चहा सोडून. चहा तिच्या हिशेबात खाणं नाही).
तिसरी चांदणी पोटॅशियमला.
मोबाइलवर शोधलं
आणि चप्पल न घालताच लॅब गाठली.

श्रीशैल विभूते शांतपणे बाटल्या हलवत होता.
"शीर सापडेना, दोनदा टोचलं ना?
सुईत पेशी फुटल्या असतील,
फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं.
उद्या आणा त्यांना. पैसे नकोत."
उद्या आलं चार पूर्णांक चार.
येताना मी पाव किलो जिलेबी घेतली.

जिथं चांदणी नव्हती
तिथं मी पाहिलंच नव्हतं.

क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन.
शेजारी बारीक अक्षरात :
शून्य पूर्णांक सहा ते एक पूर्णांक दोन.
उंबऱ्यावर, पण घरात.
अम्माच्या भाषेत, पास.

कमटम डॉक्टरीणबाईंनी कागद नंतर घेतला,
आधी अम्माचं मनगट धरलं.
वजन? एकेचाळीस.
वय? एकसष्ट. कार्डावर सत्तावन्न.
"हा आकडा एखाद्या पैलवानाला शोभला असता.
अंगावर मांस जेवढं, तेवढा हा कचरा तयार होतो.
तुमच्या अंगावर मांस कुठंय?
कचरा एवढा थोडा, तरी साठतोय,
म्हणजे झाडणारा दमलाय."
वय घालून, बाई असणं घालून
त्यांनी गणित मांडलं : एक्कावन्न.
नव्वदीच्या पुढं असावं असं एक्कावन्न.
"एका कागदावर निकाल लावत नाही मी.
लघवी तपासू, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.
कंबर दुखते?"

अम्मानं चंचीतून पाकीट काढलं,
एखादं जपलेलं नाणं दाखवावं तसं.
दिवसाला दोन, आठ वर्षं,
मेडिकलवाला नाव न विचारता देतो.
डॉक्टरीणबाईंनी ते हातातून घेतलं
आणि परत दिलं नाही.
"पाणी किती पिता?"
अम्मा गप्प.
एकदा उठलं की वीस विड्या कमी होतात,
हे मला तेव्हा कळलं,
आणि मी तिचीच मुलगी.

रिक्षात ती बोलली नाही.
अशोक चौक गेला, पाण्याचा टँकर गेला,
मग एकदम :
"कागदानं पास केलं, बाईनं छाटलं कसं?"

मी म्हटलं, ब्रँचमधला चेकर काय करतो?
मूठभर उचलतो, अंगठ्यानं दाबतो.
वरून सगळ्या सारख्या.
ज्या आतून सैल, त्या छाट.

ती बराच वेळ अंगठा बोटावर दाबत राहिली.
"छाटलेल्या घरी आणून उकलते मी,"
म्हणाली, "पान भिजवते, पुन्हा वळते.
निम्म्या तरी चालतात."

घरी आल्यावर सुपाजवळ तांब्या आला.
अर्धा प्याली. शिव्या देत उठली.
परत बसली तेव्हा ऊन दुसऱ्या भिंतीवर होतं.
तीन महिन्यांनंतरची तारीख
मी विडीच्या पासबुकात, मागच्या पानावर लिहिली,
जिथं ती छाट किती गेली ते मांडते.
त्या दिवशी सातशेला सत्तेचाळीस कमी पडल्या.